बिराच्या घोंगडीची खळ

मंडळी, पुढं सरकून बसा. आज एकच विचारतो — गावाचं दार जगाला उघडलं, तर लक्ष्मी आत येते की बाहेर जाते? थांबा, लगेच माना डोलवू नका! आधी बिराचं ऐका.

बिरा सनगर, घोंगड्या विणणारा. घरात जमिनीत खणलेला खड्डामाग. एका दिवाळीला बाजारात परदेशी ब्लँकेटं आली. मऊ, रंगीत आणि निम्म्या किमतीत! पहिलं कोणी घेतलं? बिराच्या सख्ख्या मेव्हण्यानं! बिराचं घर बायकोच्या, हौसाच्या शेळ्यांवर तग धरून राहिलं. शेजारच्या म्हाकूचं पोटही मागावरच; त्यानं दोन महिने वाट पाहिली, मग माग मोडून चुलीत घातला नि कारखान्यावर वॉचमन झाला. बिरा म्हणायचा, "ते दारच लावून घ्या."

आणि त्याच दारातून पत्र आलं! जर्मनीतल्या दुकानाला चाळीस घोंगड्या हव्या होत्या. बिरानं जीव ओतला. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात ना, कडक व्हायला? यानं दोनदा लावली! जहाजाच्या बंद पोटात त्या खळीनं ओल धरली. चाळीसच्या चाळीस बुरशी लागून परत आल्या.

बिरा ओट्यावर बसून राहिला. "माझ्या आज्यानं खळ लावली, बापानं लावली. त्यास्नी काय कळतंय?"

हौसा म्हणाली, "आपली घोंगडी पावसात मेंढरांमागं जाते, पाणी वरच्यावर निथळावं म्हणून खळ. त्यांची कुठं जाणार, इचारलंत का?"

त्यानं विचारलं. त्यांना ती घरात पांघरायची होती. पुढची खेप बिनखळीची, धुऊन मऊ केलेली गेली. ती पसंत पडली, आणि मागणी आली दोनशेची. माग एकच! बिरा धावत म्हाकूकडं गेला. "माग मांड. दोघं मिळून विणू."

म्हाकूनं त्याला आत नेलं. मागाचा खड्डा बुजवून वर शेणानं सारवलं होतं. म्हाकू म्हणाला, "तुला चुकायला सवड होती बिरा, हौसाच्या शेळ्या होत्या. मला नव्हती. आता हाताची सवय बी मोडली माझ्या." बिरा त्या सारवलेल्या जमिनीकडं बघत राहिला.

मंडळी, दार उघडं असावं. त्यानंच बिराचं घर सावरलं. पण म्हाकूला तग धरायची सवड कोणी द्यायची होती? बिरानं एकट्यानं? की आपण सगळ्यांनी?

आत्ता माझ्या अंगावर ही शाल घातलीत. फार मऊ आहे. कुठून आली, विचारलंत? मीही नाही विचारलं. ही घडी करून देवापुढं ठेवतो. आज हात जोडाल तेव्हा आपल्या गल्लीतला म्हाकू कोण, ते आठवा — आणि घरी जाताना त्याच्या दारावरून जा.