बाईसाहेबांचं पोट

हॅलो? … हो ताई, मीच. येतोय का आवाज? थांब, तबेल्याच्या दाराशी येते, आत रेंज धड नाही… हां, आता?

अगं, सकाळपासून सात वेळा फोन केला तुला. … माहितीये गं परीक्षा चालू आहेत. पण शाळेची मुख्याध्यापिका झालीस म्हणून फोन काय कपाटात कुलूप लावून ठेवायचा?

… नाही, मी बरी आहे. मुलांनाही काही झालेलं नाही, घोडेस्वारीचे वर्ग बंद ठेवलेत आज. बाईसाहेबांच्या पोटात कळा येतायत.

… हो, आपल्याच बाईसाहेब. दुसरी घोडी आहे कुठे आपल्याकडे?

… काल दुपारपासून. … काल नाही सांगितलं. वाटलं, उतरेल. तुझ्या डोक्याला परीक्षांचा ताप, त्यात हा कशाला. … बरं, चुकलं. पुढचं ऐकशील का?

चाऱ्याला तोंड लावेना. पुढच्या पायाने जमीन उकरायची, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघायची. मग लोळायला लागली. मोतद्दारकाका आणि मी आळीपाळीने फिरवतोय तिला. आत्ताही काकाच फिरवतायत, समोरच्या अंगणात. माझ्या पायांचे तुकडे पडलेत.

… आल्यात ना डॉक्टरीणबाई. काल आल्या होत्या, आज पहाटे परत. नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि तेल सोडलंय दोन्ही वेळा. दुखण्याचं इंजेक्शनही झालं. … आतड्यात कोरडा गोळा अडकलाय म्हणतात. पाणी कमी गेलंय तिच्या पोटात. … का कमी गेलं? ते… ते नंतर सांगते.

… हो, हो… अगं ऐक ना. लीद नाही. कालपासून एक गोळासुद्धा नाही. आणि डॉक्टरीणबाई पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकतात, तर उजवीकडे काहीच वाजत नाही. घोड्याचं पोट कसं सारखं गुडगुडायला हवं. गप्प बसलं की वाईट.

… एक वाजेपर्यंत थांबू म्हणाल्या. तोवर हललं नाही, तर मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडायचं. नाहीतर… हो. नाहीतर इथेच, शेवटचं इंजेक्शन. हाल करत ठेवायचं नाही तिला.

… सव्वाबारा झालेत.

… विचारलं ना. ऑपरेशनला आपल्या वर्षभराच्या वर्गांची सगळी कमाई, वर गाडीभाडं. एवढं करून एकोणीस वर्षांच्या घोडीची खात्री कोणी देणार नाही म्हणाल्या. … कसला विमा? सोळावं लागलं तेव्हाच त्यांनी हात वर केले, तूच तर पत्र फाडून फेकलं होतंस.

… काय म्हणालीस?

… परत म्हण, ताई. … ऑपरेशन करून टाक? हे तू म्हणतेस?

अगं, इथे दारावर माझ्या नाकासमोर कागद चिकटवलाय. तुझ्या अक्षरात. वाचू? 'सोळा वर्षांवरच्या घोड्याचं पोट उघडायचं नाही. मग कोणी कितीही रडो.' खाली लाल पेनने दोन रेघा. तुझी सही, माझी सही. … हो, 'कितीही रडो' तूच घातलंस. माझ्याकडे बघत बघत घातलंस.

… मला? मला काय वाटतं विचारतेस? मला वाटतं आत्ता गाडी बोलवावी आणि तिला घेऊन सुटावं. काल दुपारपासून तेच वाटतंय. म्हणून तर तुला फोन लावत होते. म्हटलं, ताई दटावेल, कागद वाच म्हणेल. तर तूच पाघळलीस.

… नाही. … नाही म्हटलं ना. काळ्याच्या वेळचं विसरलीस? घाईघाईत पोट उघडलं, तिसऱ्या दिवशी गेला. ते तीन दिवस आठव. तोंड फिरवून उभा असायचा गं तो, आपल्याकडे बघायचासुद्धा नाही. तेव्हा तू म्हणालीस, हे असं पुन्हा करायचं नाही, डोकं शांत असताना ठरवून ठेवायचं. … मग? आत्ता आहे का तुझं डोकं शांत? माझंही नाही. म्हणूनच कागद.

… तुझ्या निवृत्तीच्या पैशांना हात लावायचा नाही. … ओरड. हवं तेवढं ओरड. … धाकटी आहे म्हणून काय झालं? सहीत धाकटी-मोठी नसते.

… ताई, रडू नको ना. शिपाई बघेल. … मी कुठे रडतेय? घाम आहे तो.

… थांब. थांब जरा, काका हात करतायत. … काय झालं, काका? … ताई, फोन ठेवू नकोस.

शेपटी उचललीय तिने. … श्श. बोलू नकोस.

…

टाकली. ताई, लीद टाकली गं.

… हो, हो… खरंच. ढीग आहे ढीग. तेलाने नुसता चकचकतोय. डॉक्टरीणबाई हातमोजा घालून एकेक गोळा फोडून बघतायत, सोनार बघेल तशा. … छान आहे म्हणाल्या. तेल पार झालं म्हणजे वाट मोकळी झाली.

… काका ना? काका टोपी काढून लिदेसमोर उभे आहेत.

… पाण्याचं काय? हां… पाणी. सांगते, पण ओरडायचं नाही. … आधी कबूल कर. … शनिवारी पालकांची सभा होती ना, म्हणून मी तिचा पाण्याचा टब घासला. साबणाने. … गुलाबाच्या वासाच्या. … हो, अंगाच्याच साबणाने, तोच हाताशी होता. … स्वच्छ दिसावं म्हणून गं.

बाईसाहेबांना वास खपला नाही. तोंडच लावलं नाही टबाला. … अगं कळणार कसं? टब कधीही बघावा तर काठोकाठ. मला वाटायचं, ती प्यायली आणि काकांनी भरून ठेवला. काकांना वाटायचं, ती प्यायली आणि मी भरून ठेवला. दोन दिवस आम्ही मनातल्या मनात एकमेकांना शाबासकी देत होतो.

… म्हण. गाढव म्हण, आणखी काय म्हणायचं ते म्हण. आज सगळं गोड लागतंय. … घालते ना कागदावर. टबाला साबण लावायचा नाही आणि पाणी भरेल त्याने दारावर खूण करायची. … लाल पेनने, हो.

… आता बादलीतून पितेय बघ, कान हलवत हलवत. … नाही, उद्यापर्यंत लक्ष ठेवायचंच आहे, चाराही थोडा थोडाच. पण डॉक्टरीणबाईंनी बॅग भरायला घेतलीय. … बिल? महिन्याभराचे वर्ग गेले समज. जाऊ देत. वर्षाचं महिन्यावर भागलं.

ताई, जिंकलो गं आपण. सही मोडली नाही आणि घोडीही राहिली. मला वाटलं होतं, यातलं एकच काहीतरी राहील.

… काय? पोटाचा आवाज? … थांब, विचारते. डॉक्टरीणबाई, फोन धरू का हिच्या पोटाशी? … उजवीकडे ना? इथे? … ऐक हं, ताई. गप्प राहा आणि ऐक.

…

…

ऐकलंस? भरत्या घागरीसारखं बोलतंय पोट.

… काय? परत ऐकायचंय?

… बरं. परत धरते.