अनवाणी पायाची टकटक

मंडळी, एक विचारतो. खरं सांगायचं हं — देवळात बसलाय! समजा, देव आत्ता समोर उभा राहिला आणि म्हणाला, "एकच माग!" काय मागाल? बघा, त्या खांबाजवळच्या मावशींनी कंबर धरलीसुद्धा! "देवा, दुखणं तेवढं ने रे!" सगळ्यांचं तेच ना? मग ऐका. एका माणसाचं दुखणं खरंच गेलं. समूळ गेलं! कुणी नेलं, ते मात्र शेवटी तुम्हीच मला सांगायचं.

एक गाव होतं. नाव सांगत नाही — तिथली चार माणसं इथंच बसलीत, उगाच ऐटीत येतील. त्या गावी भैरोबाची जत्रा. पालखीपुढं बाभळीच्या काटेरी फांद्या अंथरायच्या आणि मानकऱ्यानं त्यावरून अनवाणी एकवीस पावलं चालायचं. मान हैबतीतात्यांच्या घराण्याचा. तात्या म्हणजे मिशी अशी, की दारातून आधी मिशी आत यायची, मग तात्या!

तीस वर्षं तात्या चालले. लोकांसमोर ताठ — आणि घरी आले की? "मेलो गं गजरे!" मग गजराबाई, त्यांची बायको, तो पाय मांडीवर घ्यायची आणि सुईनं एकेक काटा काढायची. तात्या लाथ झाडायचे. तीस वर्षं त्या माउलीनं लाथा खाल्ल्या, पण एक काटा आत राहू दिला नाही!

मधेच तात्यांना साखरेचा आजार झाला. गोळी आठवली तर घ्यायची. पेढा मात्र न विसरता! दहा-बारा वर्षं अशीच गेली. आणि मग एका जत्रेला काय नवल झालं — तात्या काट्यांवरून चालले, घरी आले, पाय पसरला, गजराबाईनं सुई लावली... आणि लाथ आलीच नाही!

गावात बोभाटा! "तात्या सिद्ध झाले! देवानं वेदना काढून घेतली!" बाया पायावर डोकं ठेवायला लागल्या. मी तर असं ऐकलं, की तात्यांनी एकदा निखाऱ्यावर पाय दिला आणि विचारलं, "वांगं कोण भाजतंय रे?" — हसा, हसा. थोड्या वेळानं हसू येणार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी जत्रा रविवारी आली. तात्यांचं नऊ दिवसांचं अनवाणी व्रत चालू. गुरुवारी सकाळी गजराबाई सोप्यात तांदूळ निवडत बसलेली. तात्या मांडवाचं काम बघून घरात आले. आणि फरशीवर आवाज — टाळकरी, टाळ जरा थांबवा — टक... टक... टक...

"अहो, चपला बाहेर काढा की!"

"चपला कुठल्या? व्रत आहे माझं!"

टक... टक...

गजराबाईच्या हातातलं सूप खाली आलं. अनवाणी माणूस, मग वाजतंय काय?

"बसा खाली. पाय द्या इकडं."

तळवा उलटा केला. चवड्याच्या मधोमध, टिकली लावावी तसं, खिळ्याचं डोकं! अख्खा खिळा आत, बाहेर फक्त डोकं! आणि तात्या मिशीला पीळ देतायत. तिनं कडेनं दाबलं. पुन्हा दाबलं. तात्या काय म्हणाले ठाऊक आहे?

"चहा टाकला का?"

मंडळी, त्या बाईच्या अंगावर काटा आला. तीस वर्षं ओळखीचा पाय, आणि आज मांडीवर जणू कुणा परक्याचं लाकूड!

"अहो, दवाखान्यात चला."

"एका खिळ्यासाठी?" तात्यांनी पक्कड घेतली आणि खसकन खिळा उपसला. एक थेंब रक्त, तिळाएवढं भोक. "बघ! संपलं!"

संपलं? अहो, दार एवढंसं दिसलं म्हणून चोर आत नाही असं होतं का?

शेजारचा धोंडीबा बिब्बा घेऊन हजर. "वहिनी, एक चटका देऊ, सगळं जळून जाईल!"

"भाऊजी, त्यांना चटका कळायचा नाही आणि तुम्हाला कुठं थांबायचं ते कळायचं नाही. निघा!"

शुक्रवारी काही नाही. भोक मिटल्यासारखं. तात्या म्हणाले, "बघ, भैरोबा!" शनिवारी गजराबाईनं पावलाला हात लावला आणि मागं घेतला — तव्यासारखं तापलेलं! पाऊल सुजून चकाकत होतं, घोट्याकडं लाली चढत होती. तात्यांच्या अंगात हुडहुडी.

"आता तरी चला हो!"

"उद्या मान आहे, गजरे! मी नाही चाललो तर सर्जेराव टपलाय. एकदा मान गेला की गेला!" सर्जेराव म्हणजे चुलतभाऊ. दहा वर्षं बोलणं नाही.

रविवार उजाडला. ढोल कडाडले. पालखी उठली. काटे अंथरले, वर ऊन मी म्हणतंय. तात्या मानाची काठी घेऊन उभे — डोळे लाल, कपाळावर घाम, पण मिशी ताठ! बाया पाया पडायला वाकल्या. गजराबाईला ढोल ऐकूच येईना. तिच्या कानात एकच — टक... टक... टक...

तात्यांनी पाऊल उचललं.

आणि गजराबाई गर्दी फोडून काट्यांवर चढली!

"आई गंऽऽ!"

अशी किंकाळी, की ढोल थांबले! पायात काटे, डोळ्यांत पाणी, लुगड्याच्या काठाला रक्त. पुजारी ओरडला, "बाई, बाजूला व्हा! तुमचा मान नाही!"

"नाही ना? मग मला का दुखतंय? तीस वर्षं ह्यांनाही असंच दुखत होतं, तेव्हा देव नव्हता का ह्यांच्यापाशी?" ती नवऱ्याकडं वळली. "अहो, एकदा ओरडा. माझ्यासारखं एकदाच 'आई गं' म्हणा. मग चाला, मी आडवी येणार नाही!"

सगळा गाव तात्यांकडं बघतोय. तात्यांनी खाली बघितलं. बायकोच्या पायातून रक्त येतंय आणि तिला कळतंय. आपला पाय भोपळ्यासारखा सुजलाय आणि...

उचललेलं पाऊल त्यांनी मागं घेतलं.

"गजरे," तात्या म्हणाले, "मला काहीच कळत नाही गं. दोन वर्षं झाली... पायाखाली जमीन आहे की नाही, तेसुद्धा बघून चालतो."

आणि गर्दीतून कोण पुढं आलं? सर्जेराव! लोकांना वाटलं, काठी घेतोय. त्यानं काठी देवापुढं ठेवली, तात्यांना पोत्यासारखं खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "मान गेला खड्ड्यात! आधी जीपमध्ये बसा!"

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि चष्मा काढला. "खिळा कधी लागला?" "गुरुवारी." "आणि आज आणताय?" भोक तिळाएवढं, पण घाण थेट हाडापर्यंत. साखरेनं पायाच्या नसा मेलेल्या, ओरडायचं कुणी? पाय चिरून धुतला, दोन बोटं काढली, तीन आठवडे खाटेवर. बाई म्हणाल्या, "आणखी एक दिवस, आणि गुडघ्याखाली काही राहिलं नसतं."

पुढच्या जत्रेत काट्यांवरून सर्जेराव चालला — आणि सबंध वाट बोंबलत चालला! तात्या कडेला, पायात बंद बूट, खिशात हात-आरसा. रोज संध्याकाळी आरशात तळवे बघायचे आणि सकाळी बूट झटकून मगच पाय घालायचा, हे नवं व्रत. सर्जेराव घरी आला, तेव्हा त्याचे काटे गजराबाईनंच काढले. त्यानं लाथ झाडली आणि म्हणे तात्या ढसाढसा रडले. "झाड बाबा, झाड," म्हणाले, "भाग्यवान आहेस!"

तर मंडळी, कुणी नेलं होतं हो तात्यांचं दुखणं? देवानं? अहो, देवानं तर दुखणं हाच घराला राखणदार ठेवला होता. तो मुका झाला आणि आपण त्याची आरती केली!

आता उठाल आणि रीतीप्रमाणं माझ्या पाया पडायला याल. आज येऊ नका! घरी जा. ज्याला ही साखर आहे, त्याचा पाय मांडीवर घ्या, उजेडात उलटा करा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघा. मग हलकेच दाबा. तो ओरडला, शिव्या दिल्या, लाथ मारली — तर हात जोडा, देव घरात आहे!

आणि त्यानं जर शांतपणे विचारलं, "चहा टाकला का?" —

तर चहा टाकू नका. गाडी काढा!