तासाभराचा रिपोर्ट

लॅबवाल्या ताईंची सलग दुसरी ड्युटी होती, पायांत गोळे आले होते. अतिदक्षता विभागातल्या एका तान्ह्या बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट मशीनने नुकताच दिला होता. कागद खिशात होता. दोन घोट चहा पोटात गेला की वॉर्डला फोन करू, म्हणून त्या कँटीनच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक सासू आणि तिची ओली बाळंतीण सून.

"तू बस गं. टाके ओढले जातील."

"बसवत नाही, आई. तास होऊन गेला ना?"

"येईल रिपोर्ट. जीव खाऊ नकोस."

"रक्तात कुठला जंतू आहे ते तासाभरात कळतं म्हणाले. मग नेमकं औषध देतील."

"तासाभरात! आमच्या वेळी तीन दिवस लागले."

"तुमच्या वेळी?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधीची. नऊ दिवसांची होती."

"कधी बोलला नाहीत, आई."

"काय बोलायचं? रिपोर्ट आणायला सासरे गेले होते. चांगला सविस्तर होता. कुठलं औषध लागू पडेल, सगळं लिहिलेलं."

"मग?"

"मग काय. आदल्या दिवशीच गेली होती ती. चल, सरक पुढे. साखर कमी सांगू ना?"

"ओ ताई, तुमचा नंबर आला, कुठे चाललात?" चहावाला मागून ओरडला.

लॅबवाल्या ताई जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. फोन कानाला होता.

"लॅबमधून बोलतेय. लिहून घ्या."