अठरा जीबीचं लग्न

नेटच्या तक्रारखिडकीसमोरची रांग हलायचं नाव घेत नव्हती. प्लंबरनं पुढच्या वहिनी-भाऊजींच्या बोलण्याला कान लावले आणि त्याचा वेळ मजेत जाऊ लागला.

"भाऊजी, दोन वाजता शाळेची परीक्षा आहे. आपल्या दुकानात प्रश्नपत्रिका छापायच्या कशा?"

"वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला, प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअरचं पॅकेज उडालं. आता नेटवरून पुन्हा उतरवायचं, तर नेट बंद आणि आपले फोनही याच कंपनीचे."

"पॅकेजं एकदाच उतरवून साठवली, पुन्हा नेट लागणार नाही, असं म्हणाला होतात ना?"

"साठवली होती की! रीतसर जपून ठेवली होती."

"कुठे?"

"मेमरीत."

"आणि तुमची ही हलकीफुलकी लिनक्स सिस्टिम बंद पडली की मेमरीचं काय होतं?"

"पाटी कोरी."

"धन्य आहात! डिस्क काय शोभेला ठेवलीय?"

"तीत जागाच नव्हती. तुमच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, अठरा जीबी."

"मग उडवा तो!"

"दादा मला घराबाहेर काढेल."

"त्यांनी अजून पाहिलेलासुद्धा नाही. मी पाहिलाय. तासभर तुम्हीच नाचताय."

"म्हणून तर उडवायला हात धजत नाही, वहिनी."

प्लंबरला राहवेना.

"ताई, माझं घरचं नेट बंद आहे, पण फोन दुसऱ्या कंपनीचा, त्याचं नेट चालू आहे. दुकानात येतो, पॅकेज उतरवून घ्या. या वेळी डिस्कवर ठेवा."

"देवासारखे भेटलात! काय द्यायचं तुम्हाला?"

"काही नको. उडवण्याआधी तो नाच तेवढा दाखवा."

भाऊजी केव्हाच रांगेबाहेर पडले होते.

"अहो, मग चला लवकर! पहिल्यापासून लावतो!"