रिकामं रीळ

डॉक्टर : पिल्लाची शेपटी जरा वर धरा. हं. हा दोरा कधीपासून दिसतोय?

सून : कसला दोरा?

मास्तर : सकाळपासून.

सून : बाबा, तुम्हाला माहीत होतं?

मास्तर : माहीत म्हणजे, दिसला. तू चपला घालत होतीस, गाडी दारात उभी होती. म्हटलं, डॉक्टरबाईंना दिसेलच.

डॉक्टर : टोक एवढंसंच आहे. कापल्यासारखं.

मास्तर : मीच कापलं. लोंबत होतं, मागच्या पायात येत होतं.

डॉक्टर : आधी ओढलंत का?

मास्तर : बोटभर आला. मग ताण लागला, तसा सोडला.

डॉक्टर : आता कुणीही ओढायचं नाही. उलट्या कालपासून ना?

सून : काल मी ऑफिसातून आले तर मागच्या खोलीत दोन जागी ओकून ठेवलेलं. रात्री वाटीला तोंड लावलं नाही. मला वाटलं, खाणं बदललंय, बाधलं असेल. सकाळी नुसतं पिवळं पाणी. पोटाला हात लावला की कण्हतो. जंतांचं औषध झालंय, लसी वेळेवर आहेत, शेवटची तेवढी राहिलीय. म्हणून तर अजून रस्त्यावरही नेत नाही. बाहेरचं काही खाल्लं असणं शक्यच नाही.

डॉक्टर : हा दोरा बाहेरचा नाही. घरात शिवतं कोण?

मास्तर : मी. शिंपी आहे मी. ही माझी सून. पुढची खोली म्हणजे आमचं दुकानच.

सून : पण त्या खोलीत हा जातच नाही. मी ऑफिसला निघाले की याला मागच्या खोलीत ठेवते, दाराला आडवी फळी लावून. डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना, आधी थोडा थोडा वेळ एकटा ठेवा, रडला तर लगेच धावत जाऊ नका. सुरुवातीला इतका रडायचा की शेजारीण येऊन विचारायची, कुणाला मारताय का. आता दिवसभर हूं की चूं नाही. विचारा बाबांना.

डॉक्टर : मास्तर, दोरा कुठला आहे हा?

मास्तर : पक्का. जीन्सला लावतो तो. हातानं तोडायला जाल तर बोट कापेल.

डॉक्टर : किती गेला असेल पोटात?

मास्तर : रीळ शिवून शिवून अर्ध्याच्या खाली आलं होतं. उरलेला सगळा गेला.

सून : कुठलं रीळ?

मास्तर : तू आधी नीट धर त्याला. टेबलावरून पडेल.

सून : मी धरलंय. तुम्ही बोला.

मास्तर : तू गेलीस की रडायचा हा. तसलं रडणं ऐकत शिवता येत नाही गं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय डावे बेतले मी. म्हटलं, येऊन पडू दे मशीनखाली, गप्प तरी बसेल. चिंध्यांच्या ढिगात झोपायचा मस्त.

सून : रोज?

मास्तर : तुझी यायची वेळ झाली की मागे नेऊन फळी लावायचो.

सून : मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझं कुत्रं एकटं राहायला शिकलं. दोघीजणी माझ्याकडून समजून घेऊन गेल्या, कसं शिकवायचं ते.

डॉक्टर : रिळाचं सांगा.

मास्तर : दात शिवशिवत होते त्याचे. दिसेल ते चावायचा. एकदा मशीनची वायर तोंडात घेतली. चालू मशीनची. म्हणून रिकामं रीळ दिलं चघळायला. हिच्या नवऱ्यानं दात येताना तेच चघळलं होतं, त्याला काही झालं नाही.

सून : तो माणूस आहे, बाबा.

मास्तर : तेव्हा तसं वाटत नसे.

डॉक्टर : रिकामं म्हणजे अगदी रिकामं?

मास्तर : शेवटचे चार फेरे राहतातच रिळाला. ते सोडवत बसायचा. पंजात धरून, कामाला बसल्यासारखा.

डॉक्टर : रिकामं कुठलं आणि भरलेलं कुठलं हे पिल्लाला कळत नाही. जुनी चप्पल खेळायला दिली की नवी चप्पलही त्याचीच होते. तुम्ही त्याला शिकवलंत, रीळ तुझं. ते तो शिकला.

मास्तर : काल गिऱ्हाईक आलं म्हणून माप घ्यायला उठलो. परत येऊन बघतो तर रीळ खाली आणि त्यावर दोराच नाही. वाटलं, चिंध्यांत सुटून पडला असेल. सगळा ढीग उपसला.

सून : यानं बुटाची लेस चावली म्हणून मी त्याच्यावर ओरडले. दिवसभर बोलले नाही त्याच्याशी. बुटांना कडू पाणी चोळलं. मग त्यानं पडद्याची दोरी घेतली, मग माझ्या पिशवीचा बंद. मला कळेना, घरात एवढं सगळं पडलंय आणि याला दोऱ्याच का लागतात.

डॉक्टर : ओरडण्याचं नंतर बघू. सकाळपासून पोटात काही गेलंय?

सून : काही नाही. पाणीसुद्धा टिकत नाही.

मास्तर : तेल.

सून : काय?

मास्तर : चमचाभर. खायचं हो, मशीनचं नव्हे. म्हटलं, सुळकन निघून जाईल दोरा.

डॉक्टर : पाजताना ठसका लागला का?

मास्तर : थोडा.

डॉक्टर : मग छातीचाही फोटो काढते. तेल फुप्फुसात गेलं तर वेगळाच त्रास. असं काही पाजत जाऊ नका. कधी पाजलंत?

मास्तर : निघताना. ही पिशवी भरत होती तेव्हा.

डॉक्टर : सांगितलंत ते बरं झालं. भूल द्यायच्या आधी मला हे माहीत हवं.

सून : भूल?

डॉक्टर : सांगते. इथं हात ठेवा, पोटावर. दाबू नका. गुठळीसारखं लागतंय? मास्तर, फ्रॉकची झालर कशी करता तुम्ही?

मास्तर : सैल टाके घालायचे, दोऱ्याचं एक टोक पक्कं करायचं आणि दुसरं ओढायचं. कापड गोळा होत येतं. चुण्या पडतात.

डॉक्टर : याच्या दोऱ्याचा गुंता बहुतेक जठराच्या तोंडाशी अडकलाय. बाकीचा आतड्यात उतरलाय. आतडं त्याला पुढे ढकलू बघतंय, पण दोरा हलत नाही. मग आतडंच दोऱ्यावर गोळा होतं.

मास्तर : चुण्या.

डॉक्टर : हो.

मास्तर : आणि दोरा पक्का.

डॉक्टर : ताणलेला दोरा आतून कापत जातो. म्हणून ओढू नका म्हटलं.

मास्तर : बोटभर ओढला मी.

डॉक्टर : ताण लागल्यावर सोडलातही. काय झालंय ते बघू. दोऱ्याला सुई होती का?

मास्तर : नाही. सुया चुंबकावर असतात माझ्या. त्यात मी कधी चुकत नाही.

सून : हो, जिथं चुकत नाही ते सांगा आता.

डॉक्टर : दोघं बाहेर बाकावर बसा. फोटो काढून बोलावते.

मास्तर : पाणी पितेस का?

सून : नको.

मास्तर : त्याला कळवलंस का?

सून : नवरा बोटीवर असला की कुठं लागतोय फोन. आणि काय कळवू? तुझ्या बाबांनी तुझं रीळ कुत्र्याला दिलं?

मास्तर : तेच रीळ नव्हतं ते.

सून : बाबा.

मास्तर : बरं, गप्प बसतो.

सून : तुम्हाला कुत्रं नकोच होतं. मी आणलं त्या दिवशी तुम्ही जेवलासुद्धा नाहीत.

मास्तर : जेवलो होतो. तू झोपल्यावर.

सून : म्हणाला होतात, एक तर हे घरात राहील, नाही तर मी.

मास्तर : बोलायला काय जातं.

सून : मग आवडायला लागला तेव्हा सांगायचंत की. मी काय तुम्हाला चिडवलं असतं?

मास्तर : चिडवलंच असतंस.

सून : दोन दिवस. मग सोडलं असतं.

मास्तर : तू त्याला शिस्त लावत होतीस. फळी, वेळा, ती शिट्टी. सगळं वाचून, विचारून. त्यात मी कशाला नाक खुपसू?

सून : नाक नाही, अख्खा हात खुपसलात.

मास्तर : हं.

सून : काल मी आल्या आल्या विचारलं, दिवसभर कसा होता. तुम्ही म्हणालात, गप्प होता.

मास्तर : गप्पच होता.

सून : रीळ, तेल, फळी, सगळं जाऊ दे. तेव्हा नुसतं म्हणाला असतात की दोरा सापडत नाही, तर आपण रात्रीच आलो असतो इथं. रात्र फुकट गेली.

मास्तर : हो. रात्र गेली.

डॉक्टर : या आत. सुई नाही. छाती स्वच्छ दिसतेय. पण आतडं गोळा झालंय, हे इथं, अकॉर्डियनसारखं. ऑपरेशन आजच करावं लागेल, सलाईन थोडं चढलं की लगेच. जठर उघडून गुंता सोडवायचा, मग आतड्याला छेद घेऊन दोरा तुकड्यातुकड्यानं काढायचा. कुठं आतडं कापलं गेलं असेल तर तेवढा भाग काढून दोन टोकं जोडायची.

सून : एवढ्याशा जिवाला झेपेल का?

डॉक्टर : झेपावं. अंगातलं पाणी बरंच गेलंय, वय लहान आहे. खात्री देत नाही.

सून : आणि नाही केलं तर?

डॉक्टर : मग खात्री आहे.

मास्तर : करा.

सून : बाबा, कुत्रं माझं आहे.

मास्तर : हो. तू सांग.

सून : करा, डॉक्टर.

मास्तर : टाके कशानं घालता?

डॉक्टर : आत विरघळणारा दोरा, बाहेर नायलॉन. बाहेरचे नंतर काढायचे.

मास्तर : बारीक घाला.

सून : त्यांना शिकवू नका हो.

डॉक्टर : बारीकच घालते. सही इथं करा. मास्तर नाही, तुम्ही.

(दोन दिवसांनंतर, सकाळी. तीच खोली, तेच टेबल.)

डॉक्टर : एका जागी आतडं कापलं गेलं होतं. तेवढा तुकडा काढला. कालपासून पातळ खाणं पचतंय, उलटी नाही, ताप नाही. आज शीही झाली. म्हणून घरी सोडतेय.

मास्तर : काय रे भुऱ्या. शी केलीस म्हणे. वा.

सून : म्हणजे वाचला ना?

डॉक्टर : आत्तापर्यंत. आतली जोडलेली जागा अजून काही दिवस कच्ची असते. ती सुटली तर फार भरभर बिघडतं. पोट फुगलं, पडून राहिला, खायचं सोडलं, ओकला, तर लगेच यायचं. सकाळ होऊ दे, असं म्हणायचं नाही. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला हा भोंगा काढायचा नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी.

सून : हे बाबांकडे बघून सांगा.

डॉक्टर : दोघांनाही सांगतेय. उड्या नकोत, जिना नको. खाणं थोडं थोडं, पुष्कळदा. आणि दिवसभर कुणीतरी जवळ हवं. अधूनमधून डोकावणारं नाही, जवळ बसणारं. तुम्हाला सुटी मिळेल?

सून : या दोन दिवसांसाठीच साहेबांच्या किती विनवण्या केल्या. उद्या नाही गेले तर मीच घरी बसेन, कायमची.

मास्तर : शेजारणीला विचारू या का?

सून : ती कुत्र्याला भिते.

मास्तर : मग मागच्या खोलीत फळी लावून ठेवू. मी मधेमधे उठून बघून येत जाईन.

सून : त्यांनी आत्ता काय सांगितलं?

मास्तर : जवळ बसायचं म्हणाल्या. पण माझ्या खोलीत पुन्हा... तू म्हणशील तसं.

सून : पुढच्या खोलीतच ठेवा. पण दोरे, बटणं, चिंध्या, एकूण एक वस्तू वर गेली पाहिजे. त्याचं तोंड पोचणार नाही एवढं वर नाही, माझा हात पोचणार नाही एवढं वर.

मास्तर : आज जमिनीवर आडवा पडून बघतो. खालून काय काय दिसतं ते.

डॉक्टर : हे चांगलं. वायरीही बघा. चघळायला रबराचं खेळणं आणा, घरातल्या कुठल्याही वस्तूसारखं न दिसणारं. त्याच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं. आणि तोंडात नको ते घेतलं तर मागे धावू नका, हिसकावू नका. घाईनं गिळतात. खाऊ पुढे करा, आपण होऊन सोडेल.

मास्तर : नाही सोडलं तर?

डॉक्टर : मग इथं आणा. आणि काय झालं ते दारातच सांगा.

मास्तर : सांगेन.

डॉक्टर : घरात नियम एकच असू द्या. एकानं हो म्हणायचं आणि दुसऱ्यानं नाही, असं झालं की पिल्लू दोघांचंही ऐकत नाही.

सून : आमच्याकडे माणसांचंही तसंच आहे.

डॉक्टर : रोज दुपारी मी फोन करून विचारीन, कसा आहे म्हणून. कुणाच्या नंबरवर करू?

सून : बाबांच्या.

मास्तर : माझ्या? अगं, मशीन चालू असलं की मला फोनची रिंग ऐकू येत नाही.

सून : मग?

मास्तर : टाके निघेपर्यंत बंद ठेवतो मशीन.