ब्राझीलहून आणलेला लॅपटॉप

बोलिव्हियातल्या कोचाबांबाच्या बस स्थानकावर माझ्यापुढं मायलेक बसले होते, आईच्या डोक्यावर तिकडच्या बायका घालतात तशी टोपी. लेक ब्राझीलहून नवा लॅपटॉप घेऊन आला होता.

"आई, त्यावर मक्याची दारू शिंपडू नकोस. बिघडेल."

"नवी वस्तू धरणीमातेला घोट न देता वापरायची?"

"मग जमिनीवर ओत. तोवर मी भाषा बदलतो, सगळं पोर्तुगीजमध्ये आहे."

"स्पॅनिश कर म्हणजे झालं."

"आई, यादीत केचुआ आहे."

"आपली? चेष्टा करतोस."

"लावली बघ."

"ती मला कुठं वाचता येते? काय म्हणतोय?"

"'थोडं थांबा, तयारी चालू आहे.'"

"आपल्या भाषेत?"

"आपल्याच. टोपी का काढलीस?"

"ही भाषा बोलले म्हणून शाळेत बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, रे. पेला दे. धरणीमातेला सांगते, घरी कोण आलंय ते."