अकराव्या प्रश्नाची रेघ

(धारच्या घरातली बैठक. सासऱ्यांनी शाळांसाठी रचलेली बुद्धिमापन चाचणी सून लॅपटॉपवर तपासते आहे. तिचा धीर सुटत चालला आहे.)

स्वानंदी : स्क्रीनला बोट नका ना लावू, मामंजी! आलेख सरकतो.

उदाजीराव : सरकू दे. ही अकराव्या प्रश्नाची रेघ खाली का? वर ओढ तिला.

स्वानंदी : ओढून नाही येत ती वर! कितीदा सांगू? हुशार मुलांनी प्रश्न सोडवला की रेघ चढते. इथे जितकं पोर हुशार, तितकं चुकलंय.

उदाजीराव : तुझं यंत्रच बिघडलंय. उभा जन्म मास्तरकीत गेला माझा.

स्वानंदी : थांबा, धारची मुलं वेगळी करते. चढली ना रेघ? आता देवासची. धडाम से नीचे.

उदाजीराव : मग देवासची पोरं कच्ची. झालं!

स्वानंदी : बाकी सगळ्या प्रश्नांत तीच पुढे आहेत! आणि या एका प्रश्नापायी देवासच्या कोमलवन्संचा अमन एका मार्कानं कच्च्या वर्गात बसणार. आज यादी जायचीये.

उदाजीराव : लेकीचा मुलगा म्हणून सूट देऊ?

स्वानंदी : सूट नको, प्रश्न काढा!

उदाजीराव : काय वाईट आहे त्यात? ‘शाळेला एक हेडमास्तर, वर्गाला एक मॉनिटर, तर गावाला राजे किती?’ शेंबडं पोरही सांगेल, एक.

स्वानंदी : त्यांनी दोन लिहिलंय. का, ते सॉफ्टवेअर सांगत नाही. मी पीथमपूरची, मला काय ठाऊक! दिमाग खराब झालाय माझा.

भवानीबाई : केवढा आरडाओरडा! चहा घ्या आधी.

स्वानंदी : सासूबाई, तुम्हीच सांगा. गावाला राजे किती?

भवानीबाई : कुठल्या गावाला? तुमच्या धारला एक. माझ्या माहेरी, देवासला, दोन. दोघा भावांच्या दोन गाद्या, थोरली पाती नि धाकटी पाती. राजवाडे दोन, दरबार दोन. एक म्हटलं असतं तर माझ्या आबांनी कान उपटला असता.

स्वानंदी : म्हणजे घरच्या गोष्टी नीट ऐकणारी पोरंच चुकली!

उदाजीराव : हे तू मला कधी बोलली नाहीस.

भवानीबाई : लग्न झाल्यापासून सांगतेय.

उदाजीराव : स्वानंदी... काढ तो प्रश्न.

स्वानंदी : काढला. अमन पास. त्याच्यासारखी बाकीचीही.

उदाजीराव : कोमलला फोन लाव. काल ती म्हणत होती, ‘बाबा, त्यानं बरोबरच लिहिलंय.’ मी फोन ठेवून दिला.